अर्ध्या अक्षरांची देवघेव

रविवारी सकाळी, दुसऱ्या चहाच्या सुमाराला, नाणीवाल्यांच्या ग्रुपवर एक तळहात येतो. आयुष्यरेषा, भाग्यरेषा अगदी लख्ख. मधोमध काहीतरी गोल, काळपट, धूसर. खाली ओळ: ‘माझी आवडती शिवराई. कशी आहे?’ कॅमेऱ्याने इमानेइतबारे हातावर फोकस धरलेला असतो. ज्योतिषाला पुरेल एवढा मजकूर त्यात आहे, नाणीवाल्याला पुरेल एवढा नाही. मग पाच मिनिटांत ठरलेले प्रश्न सुरू होतात. ‘मागची बाजू?’ ‘वजन?’ ‘सर, किनार दाखवा.’ आणि एक जण, फोटो न उघडताच, ‘अप्रतिम!’ लिहून मोकळा होतो.

हे प्रश्न खवचटपणाचे नसतात. शिवराई हे नाणंच एकट्याने वाचता येईल असं नाही. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरची ही तांब्याची नाणी: एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. हे झालं ठशावरचं. नाण्यावर यातलं किती उतरेल याचा भरवसा नाही, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. खालचा ठसा ऐरणीत पक्का, त्यावर तुकडा, वरून दुसरा ठसा हातात धरून हातोड्याचा घाव. तुकडा जरा डावीकडे सरकला की उजवीकडची अक्षरं गेली. घाव तिरका बसला की एक कड ठसठशीत आणि समोरची सपाट. त्यामुळे एकाच्या शिवराईवर ‘श्री’ पूर्ण आहे पण ‘शिव’ कमरेत तुटलेलं, दुसऱ्याकडे ‘शिव’ छान पण वर नुसतंच तांबं. त्यात ठसे कोरणारे अनेक, आणि शुद्धलेखन ज्याचं त्याचं: ‘शिव’च्या जागी ‘सिव’ सापडतं, ‘पति’ची ‘पती’ होते. एकट्याचं नाणं म्हणजे फाटलेल्या पत्राचा एक तुकडा. बाकीचे तुकडे कोल्हापूर, इंदूर, बेळगाव अशा कुणाकुणाच्या कपाटात.

म्हणून फोटो पाठवायचा. दाखवायची हौस असतेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण समोरच्याला त्यातून ठिपके मोजता यायला हवेत.

फोटो नव्हते तेव्हाही ही देवघेव होती. नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, नाहीतर लाखेत, प्लास्टरमध्ये छाप घेऊन टपालाने धाडायची. कोलकात्याच्या टाकसाळीत धातूचा कस तपासणाऱ्या जेम्स प्रिन्सेपला ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी नाणी आणि त्यांची रेखाटनं पाठवली, आणि १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा त्यामागे अशा बऱ्याच लखोट्यांचा हात होता. पेन्सिलीच्या छापाचा एक गुण मोबाइलमध्ये अजून आलेला नाही: तो आपोआप मूळ मापाचा असतो.

फोटोत पहिली गोष्ट उजेड, आणि उजेडाची पहिली गोष्ट त्याची दिशा. माणसाच्या डोळ्याला उजेड वरून येण्याची सवय आहे. फोटोत तो खालून आला की उठावाची अक्षरं खोल कोरल्यासारखी दिसतात. ‘श्री’ फुगीर न दिसता खड्ड्यात जाते, आणि ग्रुपवर ‘हे ओतीव बनावट वाटतं’ म्हणणारा एक जण हमखास निघतो. म्हणून नाणं घड्याळाची तबकडी समजून दिवा दहा-अकराच्या जागी ठेवावा. झिजलेल्या तांब्याला दिवा खाली आणायचा, टेबलापासून पंधरा-वीस अंशांवर, म्हणजे उरलीसुरली उंचीसुद्धा सावली टाकते. चांगल्या अवस्थेतल्या चांदीच्या रुपयाला हाच उजेड वैरी: प्रत्येक ओरखडा दरीसारखा दिसतो. तिथे दिवा पंचेचाळीस अंशांच्या वर न्यायचा आणि मध्ये ट्रेसिंग पेपर धरायचा. खोलीतली ट्यूबलाइट बंद. पिवळा दिवा आणि पांढरी ट्यूब एकत्र आली की नाणं अर्धं मधाळ, अर्धं निळसर होतं, आणि ते नंतर कुठल्याही अॅपमध्ये दुरुस्त होत नाही.

फोन नाण्याच्या अगदी जवळ नेऊ नये. चार बोटांवर नेला की फोनचीच सावली पडते आणि नाण्याचं पोट फुगतं. शिवाय काही फोन जवळ गेल्यावर गुपचूप रुंद भिंगावर उडी मारतात. ती सोय सेटिंगमध्ये बंद करावी. वीतभर उंचीवरून दुप्पट झूम लावून काढलेला फोटो नंतर कापून घेतला तर जास्त सरळ येतो. स्टँड नसेल तर धान्याचे दोन डबे एकावर एक, त्यांच्या कडेबाहेर फोनचं कॅमेऱ्याचं टोक, उरलेल्या भागावर जाडसर पुस्तक. फोन नाण्याला समांतर आहे का, हे बघायची सोपी युक्ती म्हणजे नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. पडद्याच्या मधोमध भिंगाचंच प्रतिबिंब दिसलं की फोन सरळ. मग तीन सेकंदांचा टायमर लावून हात बाजूला.

नाणं थेट कापडावर ठेवण्यापेक्षा नाण्याहून लहान अशा बाटलीच्या झाकणावर ठेवावं. पार्श्वभूमी दूर जाऊन पुसट होते, सावलीचा काळा चंद्र उरत नाही. कापड राखाडी हवं. काळ्या मखमलीवर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि चांदी पांढरीफटक होते. लाल मखमल तर चांदीच्या अंगावर गुलाबी छटा सोडते. दागिन्यांच्या दुकानात ती शोभते. शर्टच्या घडीत येणारा राखाडी पुठ्ठा या कामाला फार गुणी.

आणि पट्टी. तळहात हे माप नव्हे. मिलिमीटरची पट्टी नाण्याच्याच उंचीवर ठेवायची. झाकणावरचं नाणं आणि टेबलावरची पट्टी असं झालं तर माप चुकतं. पट्टी नसेल तर सध्याचं दोन धातूंचं दहा रुपयांचं नाणं ठेवावं, ते २७ मिमी असतं. वजन दोन दशांश स्थळांपर्यंत. सुरुवातीची शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅमची, पुढच्या काळातल्या हलक्या. पूर्ण शिवराईच्या जागी कुणी चार ग्रॅमचं नाणं दाखवलं तर ती पाव-अर्धी असू शकते, किंवा मग दुसरंच काहीतरी. १८३५ पासूनचा ईस्ट इंडिया कंपनीचा आणि व्हिक्टोरियाचा रुपया मात्र बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. तो फार हलका भरला तर ‘झिजला असेल’ म्हणण्याआधी किनार बघावी: ओतीव मालाला कडेने शिवण दिसते आणि सपाट जागेत सुईच्या टोकाएवढे बुडबुड्यांचे खड्डे.

दोन बाजूंचे फोटो काढताना नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटायचं आणि न फिरवता टिपायचं. यंत्रावरच्या आपल्या आजच्या नाण्याची दुसरी बाजू अशीच सरळ उभी दिसते. तिरकी आली तर ती टाकसाळीची चूक, आणि तिचे वेगळे चाहते आहेत. शिवराईत ‘छत्र’ आडवं, उलटं, कसंही येतं. वाचायला सोयीचा फोटो त्यानंतर वेगळा काढावा. गोल कापणी करणाऱ्या अॅपना शिवराईपासून दूर ठेवलेलं बरं. शिवराई गोल नसते. तिचा कोपरा, चीर, छिन्नीची कड हा सगळा पुरावा अॅप स्वच्छतेच्या नावाखाली गिळून टाकतं.

काही नाण्यांना एका फोटोत न्याय मिळतच नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर. सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला: नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर. जिंकलेल्याने हरलेल्याचं नाणं वितळवलंसुद्धा नाही, त्याच्या नाकावर डोंगर ठेवला! अशा नाण्याला डावीकडून उजेड दिला की डोंगर दिसतो आणि नाक हरवतं. दिवा उजवीकडे नेला की भुवई वर येते. इथे दिवा चारही दिशांनी फिरवून चार फोटो काढायचे. दिवाच फिरवायचा, नाणं नव्हे. नाणं फिरवलं तर फोटो एकमेकांवर बसत नाहीत.

संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, आरशासारख्या चकचकीत प्रूफ नाण्यांचं दुखणं उलटं. त्यांत फोन स्वतःलाच बघत बसतो, आणि नाण्यावर काळा चौकोन येतो. त्यावर तोड अशी: फोटोफ्रेमची साधी काच नाणं आणि फोन यांच्यामध्ये पंचेचाळीस अंशांत धरायची, दिवा आडवा काचेवर टाकायचा आणि दिव्याच्या समोरच्या बाजूला काळं कापड लावायचं. काचेवरून परतलेला उजेड सरळ नाण्यावर उतरतो आणि तसाच वर येतो. काच आधी पुसून घ्यावी, नाहीतर नाण्याऐवजी बोटांचे ठसे संग्रही पडतात.

रोजच्या नाण्यांत भांडण टाकसाळीच्या खुणेवरून. सालाखाली मुंबईचा पत्त्यांतल्यासारखा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब, कोलकात्याची कोरी जागा. धूसर फोटोत चौकट आणि टिंब ही सख्खी भावंडं. म्हणून सालाचा भाग वेगळा, जवळून. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावरचा वादही असाच बारीक जागेतला: बादशहाच्या पदकमाळेतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, पुढच्या वर्षी सोंड नीट काढली. आजही कुणी तो रुपया टाकला की सगळे झूम करून सोंड शोधतात, आणि उजेड चुकला असेल तर चांगल्या हत्तीचंही डुक्कर होतं.

एवढी मेहनत करून फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने धाडला की ठिपके चिखल होतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, तो आहे तसा पोचतो. मात्र कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर त्याच्या पोटात घराचा ठावठिकाणाही तसाच पोचतो. दोनशे अनोळखी लोकांना चांदीचे फोटो आणि घराचा नकाशा एकदम पाठवू नये. लोकेशन आधी बंद करावं. आपलं नाव टाकायचं तर कोपऱ्यात, कापडावर. नाण्यावर राजाचं नाव अर्धं आणि मालकाचं पूर्ण, अशी दृश्यं फार आहेत. फोटोचोरीची तशी धास्ती नको: हाताने पाडलेलं नाणं दुसऱ्यासारखं नसतं, त्याची चीर आणि कड बघून जाणकार मूळ मालक ओळखतात.

फोटो छान यावा म्हणून नाणं घासणं हा मात्र न परतणारा प्रकार. चिंच, लिंबू, पितांबरी हे सगळं देवाच्या उपकरणांसाठी. तांब्यावरचा तपकिरी थर दोनशे-तीनशे वर्षांत बसलेला असतो. आम्ल तो थर आणि त्याबरोबर अक्षराची धार खाऊन टाकतं. उरतं ते गुलाबी, भाजल्यासारखं अंग. किंमत जाते, आणि ग्रुपवर सांत्वनाचे संदेश येतात. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस ठेवावं, पाणी बदलत राहावं, लाकडी टूथपिकने भिंगाखाली हलकेच काढावी, आणि टिपून कोरडं करावं, पुसून नव्हे.

ओली माती लागलेला, ‘काल शेतात मिळालं’ असा फोटो आला की जुने लोक गप्प होतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तिथे कलेक्टर लागतो तो सरकारी, नाणी जमवणारा नव्हे. राम-सीतेचं ‘कंपनीचं १८१८ चं अर्धा आण्याचं’ नाणंही ग्रुपवर दर महिन्याला येतं. कंपनीने तसं नाणं कधी पाडलंच नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो देणारेही येतात, आधी ‘नोंदणी फी’ मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही.

हे सगळं बाजूला सारलं की उरते खरी मजा. तिघांच्या शिवराया एकाच ठशाच्या वाटतात: ‘रा’च्या काठीला तोच बाक, डावीकडचे दोन ठिपके तसेच चिकटलेले. तिघांनी पट्टी ठेवली होती, म्हणून फोटो एका मापाचे करता येतात. कुणीतरी रात्री बसून ते अर्धपारदर्शक करतो आणि एकावर एक ठेवतो. एकाची ‘श्री’, दुसऱ्याचं ‘राजा’, तिसऱ्याच्या ‘शिव’चा खालचा भाग. ठिपक्यांचं वर्तुळ डावीकडून भरत भरत येतं. उजवीकडे खाली अजून पाच-सहा ठिपक्यांएवढी जागा मोकळी आहे, आणि मागच्या बाजूला ‘पति’ची वेलांटी कुणाकडेच पूर्ण नाही.