आत्याकडून, दिवाळसण २०२५

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

सकाळी आनंदनगरला मेट्रोत बसले, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली आणि पुढच्याच स्टेशनला, कसबा पेठेत, उतरले. पिशवीत आईचं पितळी पातेलं होतं. त्याची कल्हई पार गेली आहे. मागच्या महिन्यात सवयीनं त्यात कढी केली आणि ती कळकली. तेव्हापासून ते ओट्याखाली पालथं पडून होतं आणि मला रोज टोचत होतं.

दुसरं काम भाचीच्या दिवाळसणाचं. मे महिन्यात लग्न झालं, ही तिची पहिली दिवाळी. दादाकडे भाऊबीजेला जाईन तेव्हा तिच्या हातात काय द्यायचं, हे गेले पंधरा दिवस डोक्यात घोळत होतं. एक गोष्ट मात्र पक्की होती, यंदा घरबसल्या मागवायचं नाही. गेल्या वर्षी भाच्याला पहिली नोकरी लागली म्हणून तांब्याची बाटली ऑनलाइन मागवून दिली होती. फोटोत फार देखणी होती. सांध्यातून पाणी झिरपतं हे त्यानं मला तीन महिने सांगितलंच नाही, आत्याला वाईट वाटेल म्हणून. कळलं तोवर परत करायची मुदत संपली होती. तक्रार लिहिली, दर वेळी शब्दन्‌शब्द तेच उत्तर आलं. पैसे गेल्याचं एवढं काही वाटलं नाही. पण मी दिलेली वस्तू त्या पोरानं कपाटात लपवून ठेवली, ते लागलं.

तांबट आळी दिसायच्या आधी ऐकू येते. ठक्‌ ठक्‌ ठक्‌, एका लयीत. तांबट पक्ष्याला हे नाव का पडलं ते इथे उभं राहिलं की कळतं. भर उन्हात तो झाडावर अस्साच एकसुरी ठोके देत बसतो. पेशवाईत कोकणातून ही तांबट मंडळी पुण्यात आली. हंडे, घागरी, आंघोळीचे बंब यांच्याच हातचे. आमच्या वाड्यातला बंबही इथलाच होता, असं आजी सांगायची.

ज्या दुकानात गेले तिथले काका सत्तरीच्या घरातले. मी पातेलं पुढे केलं तर आधी त्यांनी ते हातात तोललं, मग कडेवरून अंगठा फिरवला. "जुनं पितळ आहे ताई, मोडीत घालू नका हं." मोडीत घातलं असतं तर त्यांचाच फायदा होता, तरी हे आधी सांगितलं. मग त्यांनी गळ्यापाशी बोट ठेवलं. तिथे ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव आहे आणि खाली १९६७. लग्नात मामानं दिलेलं. छिन्नीनं एकेक ठिपका ठोकून घातलेलं ते नाव अठ्ठावन्न वर्षांच्या राखेनं आणि चिंचेनं गुळगुळीत झालंय, पण अजून वाचता येतं.

तिथेच ठरलं, भाचीला तांब्या-भांडं द्यायचं. मठारकाम, म्हणजे हातोडीचे बारीक ठोके दिलेलं.

काकांनी दोन तांबे माझ्या दोन हातांत दिले. लांबून सारखेच दिसणारे. एक हलका, दाबला तर अंगठ्याखाली किंचित आत जाईल असा. दुसरा जड, गार, भरीव. "पत्र्याच्या गेजचा, जाडीचा फरक," ते म्हणाले. आतल्या बाजूला त्यांचा मुलगा मठारत होता. आडव्या लोखंडी दांड्यावर तांब्या अडकवलेला, डाव्या हातानं तो हळूहळू फिरवायचा आणि उजव्या हातानं ठोके. एकाला एक लागून, पण एकावर एक नाही. खुणेची रेघ नाही, मोजमाप नाही, सगळा अंदाज हातात. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, मग तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. असं किती वेळा करायचं ते भांड्यावर असतं. मठाराचे ठोके शेवटचे. त्यांनी भांड्याला ताकद येते आणि ती झगमगही येते. मी अर्धा तास बघत राहिले. एवढ्या वेळात त्याचा तांब्या जेमतेम पाव भाग झाला होता.

किंमत वजनावर आणि मजुरीवर. ऑनलाइनपेक्षा जास्तच पडली. मी घासाघीस केली नाही. दिवसभर त्या आवाजात बसणाऱ्या माणसाच्या मजुरीतले पन्नास रुपये कमी करून मी घरी काय नेणार होते?

पैसे मोजताना त्यांनी विचारलं, "नाव काय घालू?"

हे माझ्या लक्षातच नव्हतं. आता मशीननं घालतात, पाच मिनिटांत होतं. पण मी विचारलं, छिन्नीनं घालाल का? काकांनी चष्मा पुसला. कागदावर मला लिहून द्यायला सांगितलं. मी भाचीचं नाव लिहिलं, त्याखाली "आत्याकडून, दिवाळसण २०२५". अक्षरं फार होताहेत का असं विचारलं तर म्हणाले, "तांब्या मोठा आहे, बसतील." पातेलं आणि तांब्या-भांडं, दोन्ही पुढच्या शुक्रवारी मिळणार.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

फराळाचं सामान भरलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या भाऊंकडे यादी दिली. पातळ पोहे मागितले तर म्हणाले, "वहिनी, यंदा पोहे जरा सर्द आलेत. चिवड्याला घेताय ना? आधी चांगलं ऊन दाखवा." हे मला कुठल्या अ‍ॅपनं सांगितलं असतं?

आणि तरी गेले वर्षभर मीही दहा मिनिटांत येणारी डिलिव्हरी मागवत आले. आधी दूध, मग साबण, मग तूरडाळ. त्यांच्या दुकानावरून जाताना अलीकडे मी भरभर चालते हे आज जाणवलं आणि फार अपराधी वाटलं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये सगळं बंद होतं, अ‍ॅपवर वेळा मिळत नव्हत्या, तेव्हा याच भाऊंनी फाटकाशी सामान ठेवलं आणि हिशेब वहीत लिहिला. "पैसे कुठे पळून जातात? सासऱ्यांच्या गोळ्या आणायच्या असल्या तर तेही सांगा." ती वही आम्ही जूनमध्ये चुकती केली. मधल्या काळात त्यांनी एकदाही आठवण केली नाही.

दिवाळीला एकदा मोठी खरेदी करून असं दुकान चालत नाही. ते चालतं महिन्याच्या यादीवर आणि अधल्यामधल्या वारच्या अर्धा किलो साखरेवर. माझी ती साखर मी दुसरीकडून आणायला लागले, शेजारच्या चार घरांनीही तेच केलं, तर भाऊंच्या हातात उरणार काय? भाडं तेवढंच, दुकानातल्या पोऱ्याचा पगार तेवढाच. दुकान बंद झालं की हळहळायला आम्हीच जमणार. त्यापेक्षा महिन्याची यादी पुन्हा त्यांच्याकडे. आजच सांगून आले.

चकलीची भाजणी गिरणीत टाकली. गिरणीवाल्या दादांनी डबा उघडून वास घेतला, "धणे-जिरे जरा जास्त भाजलेत का काकू?" आणि डबा बाजूला ठेवला. डाळीचं दळण झाल्यावर लावतो म्हणाले, गव्हावर नको. मी सांगायच्या आधीच.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

ऑफिसातून अर्धी रजा घेऊन पुन्हा कसबा पेठ. आळीत पाय ठेवायला जागा नव्हती, उद्या धनत्रयोदशी. काकांनी गर्दीतही ओळखलं. पण कल्हई व्हायची होती. "दहा मिनिटं थांबता का, तुमच्या पुढ्यातच करून देतो." थांबले, आणि बरं झालं थांबले.

लहानपणी वाड्याच्या दारात कल्हईवाला भट्टी लावायचा तेव्हा आम्ही पोरं भोवती बसायचो. आज जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच बघितलं. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आहे, बाकी सगळं तेच. आईचं पातेलं सांडशीत धरून निखाऱ्यांवर फिरवलं, चांगलं तापल्यावर आत नवसागराची चिमूट टाकली. भस्सकन पांढरा धूर, आणि तो नाकाला झोंबणारा वास. मग कथलाची कांडी टेकवली. कथील २३२ अंशांनाच वितळतं, पितळ नऊशेच्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही, म्हणून पातेल्याला धक्का लागत नाही. वितळलेला थेंब कापसाच्या बोळ्यानं सर्रकन फिरवला आणि काळपट पिवळा तळ बघता बघता चांदीसारखा झाला. शेवटी गार पाण्यात बुडवलं. चर्रर्र.

तांब्या-भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून तयार होतं. उघडून बघितलं. माझंच अक्षर, ठिपक्यांत. "दिवाळसण"मधला ळ मी जरा तिरका काढते, तोही तस्साच तिरका आला आहे. काका म्हणाले, "कधी पोचा आला, काही झालं तर मुलीला म्हणावं घेऊन ये. मी नसलो तर हा आहे." मुलानं मान वर न करता होकार दिला. त्याच्या हातातला ठोका चुकला नाही.

येताना कुंभारवाड्यातून दोन डझन साध्या मातीच्या पणत्या घेतल्या. विकणाऱ्या मावशींनी एकेक पणती बोटानं टिचकी मारून, आवाज ऐकून दिली. दोन बाजूला काढल्या.

घरी आले तेव्हा सात वाजले होते. दारात पणती लावली, सवत्स गाईचं चित्र ठेवून पूजा केली. वसुबारस म्हणून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी होतीच. तरी आईच्या पातेल्यात मुद्दाम चिंच-गुळाची आमटी टाकली. फोडणीचा वास आल्यावर आई आतून काठी टेकत ओट्यापाशी आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "अगं, हे माझं?" मी हो म्हटलं. तिनं गळ्यापाशी हात नेला. गरम होतं, म्हणून पदरानं धरून नाव चाचपलं.

आमटी कळकली नाही. तिनं दोनदा वाढून घेतली.