चार फुटी मलावी टँकची नोंद: कोण कोणाबरोबर राहतं आणि का

टँक ४ × १.५ × १.५ फूट, काच १० मिमी. काठोकाठ भरला तर २५० लिटर. दगड आणि वाळू वजा जाता खरं पाणी २०० लिटरच्या आसपास. यात फक्त मलावी सरोवरातले मबुना, म्हणजे खडकांत राहणारे सिक्लिड ठेवायचे आहेत. टांगानिका सरोवराचे मासे मुद्दाम बाजूला ठेवले. तिथलं पाणी पीएच ८.६ ते ९.२, मलावीचं ७.७ ते ८.६. शिवाय टांगानिकाचे गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहणारे छोटे सिक्लिड मबुनांच्या धुमाकुळात तग धरत नाहीत. ‘आफ्रिकन’ एवढ्या एका शब्दावर दोन सरोवरं एका काचेत घालू नयेत.

फेब्रुवारी: पाणी आणि दगड

नळाचं पाणी नदीचं, बोअरचं पाणी जड. कोल्हापुरात दोन्ही मिळतात, पण किटने केएच (पाण्याची क्षारता) आणि जीएच (एकूण जडपणा) मोजल्याशिवाय काहीही मिसळू नका. पाणी मऊ निघालं तर दर २० लिटरला एक छोटा चमचा (सुमारे ५ ग्रॅम) खाण्याचा सोडा घातल्यावर केएच साधारण ८ अंश वाढतो. तेवढंच एप्सम सॉल्ट घातलं तर जीएच ५ ते ६ अंश वर जातो. धुण्याचा सोडा वेगळा, तो मासे मारतो. टँकमध्ये मासे असतील तर हा बदल तीन-चार दिवसांत विभागून करा.

दगडासाठी नदीत घासून गोल झालेला आपला काळा पाषाण उत्तम. तो पीएचला हात लावत नाही. पन्हाळा-राधानगरी बाजूचा जांभा घेऊ नका. त्याच्या भोकांत घाण अडकते आणि खरखरीत कडांवर मासे अंग घासतात. शहाबादी फरशीचे तुकडे मात्र कामाचे. तो चुनखडीचाच दगड असल्यामुळे पाण्याचा जडपणा टिकवायला थोडी मदत करतो. या टँकमध्ये ५० किलो दगड आहे. तळकाचेवर आधी थर्माकोल, त्यावर थेट दगड आणि शेवटी वाळू, हा क्रम बदलू नका. मबुना वाळू उकरतात. दगड वाळूवर टेकलेला असेल तर खालची वाळू निघून जाते आणि दगड काचेवर कोसळतो.

मासे न घालता, अमोनिया देऊन टँक सायकल केला, म्हणजे फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवले. याला ४ ते ६ आठवडे द्यावेच लागतात. पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८.२ आणि २६ अंशांना तोच वाटा ९ टक्क्यांच्या घरात जातो. त्यामुळे गप्पीच्या टँकमध्ये खपून जाणारा कच्चा फिल्टर इथे खपत नाही.

मार्च: निवड

सोबती निवडताना तीन गोष्टी याच क्रमाने बघायच्या: खाणं, रंग आणि राहायची जागा.

खाणं आधी, कारण त्यावरून होणारं नुकसान उशिरा दिसतं. बहुतेक मबुना दगडावरचं शेवाळ खरवडून खातात आणि त्यांचं आतडं लांब असतं. पीकॉक किंवा व्हीनस्टससारखे मलावीचेच पण मांसाहारी सिक्लिड सोबत ठेवले की त्यांच्यासाठी टाकलेले ब्लडवर्म मबुनाही गिळतात, आणि मग मलावी ब्लोट येतो. मासा खाणं तोंडात घेऊन थुंकतो, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी होते, पुढे पोट फुगतं. पोट फुगल्यावर फारसे मासे वाचत नाहीत. थुंकायला लागल्याबरोबर वेगळ्या टाकीत घेऊन दर ४० लिटरला २५० मिलिग्रॅम मेट्रोनिडाझोल देण्याची पद्धत हॉबीत रूढ आहे. पीकॉकचा दुसरा तोटा असा की मबुनांच्या धाकाने तो कोपरा धरतो आणि रंग टाकतो. इतक्या देखण्या माशाची अशी अवस्था करू नये, त्याला स्वतंत्र टँक द्यावा.

मग रंग. मबुना नराला आपल्यासारखा रंग आणि आपल्यासारखी ठेवण दिसली की तो प्रतिस्पर्धी ठरवतो. केनी या मबुनाचं उदाहरण घ्या: मादी निळी, नर मोठा झाला की पिवळा. म्हणजे यलो लॅब या पिवळ्या मबुनाशेजारी केनीचा नर वयात आला की सगळ्या लॅब त्याच्या डोळ्यांत सलतात. दुकानात छोटी केनी निळीच असते, म्हणून हे घेताना कळत नाही. ऑरॅटस या जातीचं उलट: पिल्लं आणि माद्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, देखण्या, म्हणून हटकून घेतल्या जातात, नर गडद होतो आणि चार फुटांत कुणाला जगू देत नाही. ही दोन नावं यादीतून कायमची काढली. रेड झेब्रा ही मबुनाची जातही नाही, पण कारण वेगळं. तो यलो लॅबशी संकर करतो, आणि अशी पिल्लं पुढे ‘लॅब’ म्हणून हातोहात फिरतात. याच कारणाने ‘मिक्स आफ्रिकन’ची पिशवी घेऊ नये. त्यात काय आलंय हे सहा महिन्यांनी कळतं, आणि तोवर अंडी तोंडात गेलेली असतात (मबुनाची मादी अंडी तोंडातच उबवते).

राहिली जागा. यलो लॅब दगडांच्या आसपास फिरते, पण हद्दीसाठी फार भांडत नाही. रस्टी कपारीत राहतो, जांभळट-तपकिरी, मबुनांमधला सर्वांत समंजस म्हणावा असा. असेई सरोवरात पाण्यात पडलेल्या लाकडांवरचं शेवाळ खाते आणि टँकमध्ये वरच्या अर्ध्या भागात थव्याने पोहते. पिवळा, तपकिरी आणि पिवळ्या शेपटीचा निळा, असे तिघांचे रंग वेगळे आणि मजलेही वेगळे. हीच जोडणी पक्की केली. असेई १५ सेंमीपर्यंत जाते. चार फूट ही तिच्यासाठी किमान लांबी आहे, तीन फुटी टँकमध्ये ती घेऊ नका.

डेमासोनी या छोट्या मबुनाबद्दल नेहमी विचारलं जातं. ठेवायचा असेल तर बारा-पंधराचा थवा ठेवा. चार-सहा आणले तर ते एकेक करून मारत जातात आणि शेवटी एक उरतो. या टँकमध्ये तेवढ्या थव्याला जागा नाही.

एप्रिल–मे: मासे घालणं

अडीच-तीन सेंमीची पिल्लं, प्रत्येक जातीची आठ. आधी तीन-चार आठवडे ५० लिटरच्या वेगळ्या टाकीत स्पंज फिल्टरवर ठेवली. मुख्य टँकमध्ये क्रम रस्टी, मग लॅब, शेवटी असेई. मवाळ आधी, दांडगा शेवटी. एकट्या माशाला कधी घालू नका, सगळ्यांचा रोख त्याच्यावर जातो. तुकडी घालायच्या दिवशी आधी जुन्यांना खायला द्या, दोन-चार दगड हलवा म्हणजे ठरलेल्या हद्दी मोडतात, मग मासे सोडून रात्रभर दिवा बंद ठेवा.

पाठलाग दगडापाशी थांबत असेल तर तो रोजचा व्यवहार समजा. एखादा मासा हीटरमागे किंवा वरच्या कोपऱ्यात, पर मिटून, शेपटी फाटलेल्या अवस्थेत उभा असेल तर त्याच दिवशी हालचाल करा. मार खाणाऱ्याला काढलं तर गुंड दुसरा बळी शोधतो. काढायचा तो गुंड: आठवडाभर वेगळा ठेवा, दगडांची मांडणी बदला, मग परत सोडा. तोवर त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते आणि त्याला तळापासून सुरुवात करावी लागते. रस्टीचा एक नर असाच बाहेर काढून परत सोडला आहे आणि आता शांत आहे. लॅबमधला जास्तीचा नर मात्र कायमचा दुसऱ्या टँकमध्ये गेला.

मासे सहा-सात सेंमीचे झाले की नर-मादी ओळखून एका नरामागे तीन-चार माद्या एवढेच ठेवायचे. तिन्ही जाती मिळून १५-१६ मोठे मासे हे अंतिम गणित. याला ताशी २००० लिटरचा फिल्टर आणि आठवड्याला ३०-४० टक्के पाणी बदल लागतो. नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली ठेवा.

मे महिन्यात बंद खोलीत पाणी ३० अंशांवर जातं. तापमान वाढलं की ऑक्सिजन घटतो आणि भांडणंही वाढतात. झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. उघड्या टँकवर जाळी हवीच, असेई उडी मारते.

जून ते ऑगस्ट: पावसाळ्याची तयारी

पंचगंगा गढूळ झाली की शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन वाढतं. तुरटी पाण्यातली क्षारता खाते, त्यामुळे उन्हाळ्यात बसवलेलं सोड्याचं प्रमाण पावसाळ्यात पुरत नाही. प्रत्येक पाणी बदलाआधी पिंपातल्या पाण्याचा केएच मोजा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठाच विस्कळीत झाला होता. क्लोरीन काढलेलं, सोडा घातलेलं २०० लिटरचं एक पिंप भरून ठेवलेलं असावं, आणि त्या काळात खाणं निम्म्यावर आणावं. वीज जाते तेव्हा बॅटरीचा एअर पंप लावा. कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) तीन-चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर आतलं पाणी फेकून, मीडिया (आतलं गाळण्याचं साहित्य) टँकच्याच पाण्यात खंगाळून मगच सुरू करा. नाहीतर आत सडलेलं सगळं थेट टँकमध्ये येतं.

खाणं सध्या स्पिरुलिना गोळी दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढीच. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढलेला पालक किंवा साल काढलेले मटार, आणि एक दिवस उपास.

तळाला बसणारा सोबती अजून घातलेला नाही. दुकानातला साधा सकर (काचेला चिकटून शेवाळ चाटणारा मासा) नको: तो फूटभरापेक्षा मोठा होतो, घाण भरपूर करतो, आणि नकोसा झाला की लोक रंकाळ्यात किंवा नदीत सोडतात. हे कृपया कुणीही करू नका, देशातल्या अनेक नद्या-तळ्यांत हा मासा आधीच उपद्रव होऊन बसला आहे. ब्रिस्टलनोज हा सकरचाच छोटा प्रकार १२ सेंमीवर थांबतो आणि जरा जड पाणीही सोसतो. सिनोडोंटिस (आफ्रिकन कॅटफिश) घ्यायचा तर पेट्रिकोला या नावाने मिळणारा छोटा, ठिपक्यांचा. तो टांगानिकाचा असला तरी मबुनांच्या पाण्यात चांगला रुळतो. मल्टिपंक्टेटस दिसायला जवळजवळ तसाच, पण तो सिक्लिडच्या अंड्यांत आपली अंडी मिसळतो आणि मादी त्याचीच पिल्लं तोंडात वाढवते. पिल्लं काढायची असतील तर तो नको. पाऊस ओसरून पाणी स्थिर झालं की पेट्रिकोला एकदम चार आणायचे, कारण तो गटाने राहणारा मासा आहे.