प्रश्न क्रमांक २३

आमच्या आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीतील तेविसावा प्रश्न असा होता : ‘नजीकच्या शासकीय दवाखान्यात पोहोचण्यास किती मिनिटे लागतात?’ पुण्यातील कार्यालयात तो लिहिताना आम्हा चौघांपैकी कोणालाही त्यात काही खटकले नव्हते. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याचे डोंगर जिथे नर्मदेकडे उतरतात त्या भागात, ऑगस्ट महिन्यात आम्ही घरोघर फिरू लागलो आणि पहिल्या दोन दिवसांतच हा एक रकाना रिकामा राहू लागला. आमच्याबरोबर दुभाषी म्हणून फिरणाऱ्या आशाताईंनी (म्हणजे तिथल्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्तीने) प्रश्न पावरी या तिथल्या बोलीत सांगितला की बाया एकमेकींकडे पाहत आणि गप्प बसत. शेवटी एकीने उलट विचारले, “कोणाला जायचंय?” बाजाराला निघालेली बाई, तापलेले मूल पाठीशी बांधून निघालेली आई आणि झोळीतून न्यावी लागणारी बाळंतीण, या तिघींची वाट एकच असली तरी वेळ एकच कसा असेल, असे तिचे म्हणणे होते. मी ते वहीत टिपून घेतले आणि फॉर्मवर ‘१२० मिनिटे’ असा आकडा घालून पुढच्या घरी गेले.

पुढचे घर म्हणजे पुढची टेकडी. इथे घरे दाटीने वसत नाहीत. ज्याचे त्याचे शेत आणि त्या शेतात ज्याचे त्याचे घर, असा पाडा दोन-तीन टेकड्यांवर पसरलेला असतो. डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी शासनाचा निकष सपाटीपेक्षा सैल आहे : पाच हजारांऐवजी तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांऐवजी वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. निकष माणसे मोजतो, चढ मोजत नाही. आमचा नकाशाही तसाच होता. आरोग्य केंद्राभोवती पाच आणि दहा किलोमीटरची वर्तुळे काढून आम्ही गावे रंगवली होती आणि हा पाडा, सरळ रेषेत आठ किलोमीटरवर असल्यामुळे, ‘मध्यम उपलब्धता’ दाखवणाऱ्या फिकट हिरव्या रंगात होता. पाड्याचे आणि केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास एक मुलगा आशाताईंना बोलवायला आला. तिसऱ्या खेपेची एक बाई रात्रीपासून कळा देत होती आणि घरी आलेल्या सुईणीला लक्षण ठीक वाटत नव्हते. आशाताई आधी टेकडीच्या टोकावर गेल्या, कारण मोबाइलला रेंज तिथल्या एका कातळावरच मिळते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येईल, असे उत्तर मिळाले. रस्ता तिथून नऊ किलोमीटर पायवाटेने. परत येऊन त्या मला म्हणाल्या, “ताई, आज फॉर्म राहू द्या. तुम्हाला चालवेल का?”

लांब बांबूला घोंगडी बांधून झोळी तयार झाली. सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो : झोळीत ती बाई, खांदे द्यायला सहा पुरुष, सासू, सुईण, आशाताई आणि मी. माझ्या पिशवीत जीपीएस यंत्र होते. ते सुरू करावे की नाही, हा प्रश्न मला पहिल्या चढावर पडला. एक बाई वेदनेने कण्हत असताना तिच्या वाटेची नोंद ठेवणे मला निर्दयपणाचे वाटत होते, आणि न ठेवावी तर अशी वाट कोणत्याही अहवालात कधी येणार नाही, हेही कळत होते. सासूबाईंना विचारले. त्यांनी यंत्राकडे एकदा पाहिले आणि आशाताईंमार्फत सांगितले, की मोजायचे तर मोज, पण छत्री हिच्यावर धर. मी यंत्र सुरू केले आणि छत्री धरली.

झोळीची चाल वेगळीच असते. सपाटीवर माणसे धावल्यासारखी जातात. उतारावर मात्र पुढचा माणूस पाय रोवून थांबतो आणि मागचा बांबू उचलून धरतो, नाहीतर बाई पायांकडे घसरते. दर दहा-बारा मिनिटांनी खांदे बदलत होते. वाटेतल्या नाल्याला मांडीभर पाणी होते, आणि दोघांनी आधी काठीने ठाव घेतल्यावर चौघांनी झोळी डोक्याच्या उंचीवर धरून पार केली. पलीकडचा चढ अर्धा झाला असेल, तेव्हा सुईण एकदम ओरडली आणि झोळी एका मोहाच्या झाडाखाली टेकवली गेली. पुरुष पाठ करून दूर उभे राहिले, सासूने आणि मी लुगड्याचा आडोसा धरला. दहाला दहा कमी असताना मुलगी झाली. ती लगेच रडली. आशाताईंनी किटमधला दोरा बांधून कोऱ्या पात्याने नाळ कापली, बाळ पुसून आईच्या अंगाशी दिले आणि वार पडेपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत.

नंतर वाद झाला. सासूचे म्हणणे होते, बाळ झाले, आता घरी परत जाऊ. विद्यार्थ्यांना मी ज्या ‘तीन विलंबां’बद्दल शिकवते (सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेले : निर्णय घेण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला), त्यांपैकी पहिला विलंब माझ्यासमोर घडत होता, आणि माझ्या मनात त्याचे ठरलेले कारणही तयार होते : जाणिवेचा अभाव. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही तासांत रक्तस्राव जिवावर बेतू शकतो, हे आशाताई त्यांना समजावत होत्या. सासूने ते ऐकून घेतले आणि विचारले, “परत कोण आणणार?” जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतिणीला मोफत घरी सोडण्याची सोय आहे, पण ती गाडी रस्त्यापर्यंतच येते. तिथून दोन-तीन दिवसांची ओली बाळंतीण बाळासह हाच नाला ओलांडून चालत येणार, कारण तोवर हे सहाही जण निंदणीला लागलेले असणार. सासूचा हिशेब माझ्या हिशेबापेक्षा पुढचा होता. अखेर दोघा दिरांनी शुक्रवारी रस्त्यावर न्यायला यायचे कबूल केले, तेव्हा झोळी पुन्हा उचलली गेली. पाऊण तास गेला होता.

बारा वाजून पाच मिनिटांनी आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. रुग्णवाहिका उभी होती आणि पुढची चाळीस मिनिटे कशी गेली ते मला आठवत नाही. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने त्या बाईची तपासणी केली, इंजेक्शन दिले, सोबत आणलेली वार पूर्ण आहे ना ते पाहिले आणि बाळाचे वजन केले. दोन किलो तीनशे ग्रॅम भरले. मग नोंदवही उघडून ‘प्रसूतीचे ठिकाण’ या रकान्यात तिने आपल्या केंद्राचे नाव लिहिले.

मी पाहिले आणि बोलले नाही. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण आदिवासी मातेला मिळणारे सातशे रुपये आणि आशाताईंचा मोबदला दवाखान्यात झालेल्या बाळंतपणाशी बांधलेला आहे. पाच तासांच्या त्या वाटेनंतर ‘मोहाच्या झाडाखाली’ असे लिहायला लावून दोघींचे पैसे बुडवण्याचा अधिकार मला आहे, असे मला वाटले नाही. पण महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये होतात, हा पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा मी अनेक व्याख्यानांत समाधानाने सांगितला आहे. तो घरोघर विचारून काढलेला आहे, नोंदवह्यांवरून नव्हे, आणि तो खोटा असल्याचा पुरावा माझ्याजवळ नाही. तरीही वर्षभराने याच सासूला कोणी विचारले, ‘बाळंतपण कुठे झाले?’, तर कागदावर काय लिहिले आहे ते आठवून ती ‘दवाखान्यात’ म्हणेल, असे मला वाटते.

संध्याकाळी आमचा स्वतःचा फॉर्म पुढ्यात घेतला, तर तोही काही वेगळा नव्हता : घर, शासकीय, खासगी, इतर. मी ‘इतर’वर खूण केली. विश्लेषणाच्या वेळी ‘इतर’ची संख्या थोडी भरली की ती ‘घर’मध्ये मिळवून टाकायची, हा नियम आमच्या आराखड्यात होता आणि तो मीच लिहिला होता. जीपीएसवर नऊ किलोमीटर आणि चार तास पंचावन्न मिनिटे दिसत होती. नकाशावर पाडा अजून फिकट हिरवाच होता.

त्या रात्री नेपाळची आठवण झाली. तिथे २००५ मध्ये दवाखान्यात बाळंत होणाऱ्या स्त्रीला प्रवासासाठी पैसे द्यायला सुरुवात झाली, तेव्हा रक्कम भूभागानुसार ठरवली होती : तराईच्या सपाटीत पाचशे नेपाळी रुपये, टेकड्यांत हजार, उंच पर्वतात दीड हजार. चढाला किंमत असते, हे कोणीतरी सरकारी कागदावर मान्य केले होते. आपले सातशे रुपये बारामतीच्या रस्त्यालगतच्या वस्तीलाही तेवढेच आणि या पाड्यालाही तेवढेच. अर्थात दीड हजारांनी झोळीला खांदे मिळतातच असे नाही, आणि या पाड्यात तर पैशांपेक्षा खांदेच आधी कमी पडतात. ऑगस्टमध्ये शेतीमुळे पुरुष घरी असतात, म्हणून सहा जण मिळाले.

पुण्याला फोन करून मी प्रश्न बदलायचा म्हटले, तर सहकाऱ्यांचा आक्षेप रास्त होता : प्रश्न बदलला की इतर सर्वेक्षणांशी तुलना तुटते. बरीच चर्चा होऊन असे ठरले, की मिनिटांचा जुना प्रश्न तसाच ठेवायचा आणि त्याखाली २३-अ, २३-आ असे दोन घालायचे : आजारी माणसाला उचलून न्यावे लागले तर किती वेळ लागतो, आणि उचलायला पाड्यात किती जण असतात. फॉर्म लांबला म्हणून आमची दोन्ही सर्वेक्षक मुले कुरकुरली.

शुक्रवारी आम्ही नाल्यापलीकडच्या पाड्यात होतो. पहिल्याच घरातल्या बाईला २३-आ विचारला. तिने घरे मोजत बोटे मिटली आणि आठ जण असे सांगितले. सर्वेक्षक आकडा लिहीत असतानाच ती पुढे बोलू लागली. आशाताईंनी मराठीत सांगितले, “दिवाळीनंतरचं विचारता का, म्हणते. तेव्हा सगळे ऊसतोडीला गुजरातेत असतात.” आमच्या फॉर्मवर महिन्याचा रकाना नव्हता. मुलाने समासात लिहिले.