सात दहाची एसटी

आमच्या एकांकिकेत माझा मुख्य प्रवेश जेमतेम सहा मिनिटांचा आहे. काटोलकडच्या गावातलं घर, मी थोरली सून. पुण्याहून आलेला धाकटा दीर खांद्याला बॅग अडकवून निघालाय आणि मला त्याला रात्रीपुरतं थांबवायचंय. उद्या दुय्यम निबंधक कार्यालयात त्याने हक्कसोडपत्रावर, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही केली, तरच बागेतल्या नव्या बोअरसाठी कर्ज मिळणार. तो थांबत नाही. प्रवेश संपतो.

नागपुरात महाल भागातल्या तालमीच्या खोलीत पहिले आठ दिवस मी हा प्रवेश रडून केला. ‘आज राहा ना, भावजी’ म्हणताना गळा दाटून यायचा. मे महिना, कूलरची घरघर, त्यामुळे आवाजही आपोआप चढायचा. मला वाटायचं, छान जमतंय. नवव्या दिवशी दिग्दर्शकांनी उठून कूलर बंद केला.

"वहिनी कायले रडून राहिली? तिचं अजून काही गेलंच नाही. जायचं आहे."

मग विचारलं, पणाला काय लागलंय? मी म्हटलं, बाग. किती एकर? दोन. किती झाडं? मला सांगता येईना. त्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे, त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. सहा बाय सहा मीटरवर लावलेली, म्हणजे दोन एकरांत साधारण २२० झाडं. विहीर आटलेली. पाऊस यायला अजून महिना. "आता सांगा, तो सही न करता गेला तर उद्या सकाळी तुम्ही दार उघडून काय पाहता?"

त्या रात्री घरी आल्यावर मी वहीत त्या घराची सकाळ लिहून काढली. पाने गुंडाळलेली झाडं. टँकरवाल्याची उधारी. नवरा माझ्याशी न बोलता सायकल काढतो. अभिनय शिकवणारा रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की, त्याचा ‘जर’ मला पाठ होता, मी या परिस्थितीत असते तर काय केलं असतं; पण परिस्थिती म्हणून माझ्याकडे फक्त ‘बाग’ हा एक शब्द होता. त्या शब्दाला ना झाडं होती ना उधारी.

तरी प्रवेश अर्धाच सुधारला. आता मी दिराच्या मागे लागल्यासारखी दिसत होते, वसुलीला आलेल्या माणसासारखी. खरी किल्ली संहितेतच पडली होती, दोन पाने आधी. तिथे दीर सहज म्हणतो, ‘माझा शाळेचा डबा वहिनीच भरायची.’ म्हणजे हा पोर मी वाढवलाय. मी सही मागितली आणि तो नाही म्हणाला, तर बागेबरोबर तोही जातो. न मागितली, तर बाग जाते. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरं. हे लक्षात आल्यावर माझ्या तोंडून शब्दच निघेना आणि आवाज कधी खाली आला ते कळलंही नाही. ‘आज राहा ना’ म्हणताना मी पदराने कोरडं टेबल पुसत होते. कुणी सांगितलं नव्हतं.

त्यात सात दहाची एसटी. ती शेवटची. दीर घड्याळ बघतो ते आधी मला नुसती त्याची सवय वाटायची. आता त्याच्या मनगटाकडे बघायचंही धाडस होत नाही.

एकदा मी वाहवत गेले. वहिनीला आजार दिला, मुलीचं मोडलेलं लग्न दिलं. प्रवेश जड झाला, समोरच्याला माझ्याशी खेळताच येईना. दिग्दर्शक म्हणाले, आंबिया बहारासाठी, म्हणजे संत्र्याच्या हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात; ताण बसला तर फूल धरतं, पण हलक्या जमिनीत चार दिवस जास्त झाले की पानगळ होते आणि झाड हातचं जातं. दुसऱ्या दिवशी मी वहीतलं निम्मं खोडलं. संहितेत ज्याचं मूळ सापडत नाही असं काहीही आता मी भूमिकेत आणत नाही. आणि विनोदी प्रवेशालाही हेच लागू आहे असं माझं ठाम मत आहे: वरातीआधी चप्पल हरवलेल्या नवरदेवाला त्या घटकेला चपलेहून मोठं काहीच नसतं.

सायंटिफिक सभागृहातल्या प्रयोगात शेवटी दीर चहा न घेताच गेला, संहितेप्रमाणेच. पूर्वी मी इथे खाली बसून रडायचे. त्या दिवशी मी बशी उचलली आणि भरल्या कपावर झाकण ठेवली. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मी कपावरचा हात काढला नाही, दिवे गेले तरी.