असला म्हणजे कसला?

परीक्षा जवळ आल्या की रात्री नऊनंतर माझा फोन वाजायला लागतो. मी निवृत्त झाले, मुलांचे प्रश्न झाले नाहीत. "बाई, इथे चेतनगुणोक्ती की उत्प्रेक्षा?" हे सोपं. "रसग्रहण किती ओळींचं?" हे त्याहून सोपं. अवघड विचारणारं एखादंच असतं आणि ते नेमकं कुकर लावताना विचारतं.

बालकवींचा 'औदुंबर' मी किती वर्गांना शिकवला असेल, मोजदाद नाही. कविता आठच ओळींची. निळासावळा झरा, चार घरांचं गाव, कुरणांमधून काळ्या डोहाकडे गेलेली पांढरी पायवाट आणि पाण्यात पाय टाकून बसलेलं ते झाड. वाट म्हणजे आयुष्य, डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्त साधू. माझं उत्तर ठरलेलं. त्यात कवी १९१८ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी भादलीला रेल्वे अपघातात गेले हे सांगितलं की वर्ग चिडीचूप. (चिडीचूप वर्ग म्हणजे पटलेला वर्ग, असं तेव्हा वाटायचं.)

परवा बी.ए.ला असलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, वाट पांढरी का?"

"मळलेली असते ना गं."

"म्हणजे माणसं रोज जात असणार. नाहीतर गवत माजलं असतं. आमच्याकडे नदीवर जायची वाट अश्शीच आहे. बायका धुणं घेऊन जातात. उंबराची मुळं पाण्यातच आहेत, तिथंच बसतात सगळ्या."

मी पुस्तक काढलं. गाव चारच घरांचं, म्हणजे त्या चार घरांनीच पायांनी पाडलेली ही वाट. आणि लाटांवर पसरलेल्या काळिम्याला कवी चक्क 'गोड' म्हणतोय! माझ्या मृत्यूत तो शब्द बसत नव्हता, म्हणून मी दरवर्षी त्याच्यावरून भरभर पुढे जात आले होते.

"हेच लिही," मी म्हटलं.

"मार्क मिळतील?"

"मृत्यूचं एक वाक्य घाल वरती. तपासणाऱ्या बाईंनीही माझ्यासारखंच शिकवलेलं असणार."

ती हसली. "बरं, आणि शेवटी 'असला औदुंबर' म्हटलंय. असला म्हणजे कसला?"

कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, मला आठवेना. तिला म्हटलं, उद्या फोन कर.