तुम्ही श्वास किती वेळ धरता?

एका श्वासावर खोल पाण्यात उतरणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. मला मात्र घड्याळापेक्षा पाण्याचा दाब कितीतरी मोठा प्रतिस्पर्धी वाटतो.

दर १० मीटरला हा दाब एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावर हवेचा जितका दाब असतो तितक्याने, वाढतो. वर भरून घेतलेली फुप्फुसातली हवा १० मीटरवर निम्मी होते, तर ३० मीटरवर पावपटच उरते. कानाच्या पडद्यामागची हवाही तशीच आक्रसते. म्हणून सुरुवातीपासूनच नाक चिमटीत धरून जिभेच्या मुळाने हवा कानांकडे ढकलत राहावे लागते आणि त्यात थोडा जरी उशीर झाला, तरी अशी कळ उठते की तिथूनच मागे फिरावे लागते. आणखी खाली फुप्फुसातून घशात हवा आणणेच कठीण होते, त्यामुळे आधीच तोंडात भरून घेतलेली हवा गाल आणि जीभ यांच्या साहाय्याने जपून वापरायची असते. दम शिल्लक असतानाही अनेकांना अडवतात ते कानच.

एवढ्या दाबाखाली छाती चेपली जाणार नाही का, ही शंका एकेकाळी डॉक्टरांनाही होती. परंतु असेच एका श्वासावर उतरणारे इटलीचे एंझो मायोर्का १९६१ साली ५० मीटरपर्यंत आणि फ्रान्सचे जाक मायोल १९७६ साली इटलीच्या एल्बा बेटाजवळ १०० मीटरपर्यंत जाऊन सुखरूप परतले, कारण खोलवर नाडी मंदावते आणि हातापायांतले रक्त छातीत येऊन आकसलेल्या हवेची जागा भरून काढते.

श्वासाची असह्य ओढ लागते ती साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तेव्हा पोट आणि श्वासपटल आपोआप उसळू लागतात, पण प्राणवायू अजून शिल्लक असतो. उतरण्यापूर्वी जोरजोराने श्वास घेणे घातक ठरते ते याचसाठी: प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, मात्र इशारा उशिरा मिळतो.

सर्वाधिक धोका तळाशी असतो असे पुष्कळांना वाटते, परंतु तो असतो वर येतानाच्या शेवटच्या १० मीटरमध्ये. तिथे दाब निम्म्यावर येतो, त्याबरोबर फुप्फुसातल्या प्राणवायूचा दाबही झपाट्याने घसरतो आणि कसलीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपू शकते, कधी कधी तर डोके पाण्याबाहेर आल्यावरही. त्यामुळे माझा साथीदार काही मीटर खाली येऊन मला गाठतो, समोरासमोर राहून वर येतो आणि मी श्वास घेतल्यानंतरही निदान ३० सेकंद माझ्या ओठांच्या रंगावरून नजर हटवत नाही. असा साथीदार नसेल त्या दिवशी मी पाण्यात उतरत नाही.