तुम्ही विचारलंत म्हणून : दीक्षित की दिवेकर?

रंकाळ्यावर फिरताना, लग्नाच्या पंगतीत, अगदी भाजी घेतानासुद्धा मला हा प्रश्न विचारला जातो. "मॅडम, दीक्षित करू की दिवेकर?" डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीत दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही 55 मिनिटांत उरकायचं, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या पद्धतीत दर दोनेक तासांनी थोडं थोडं खायचं. मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मी उलट विचारते, गोळ्या कुठल्या चालू आहेत?

एकाच घरातल्या दोन जावा माझ्याकडे येतात. स्वयंपाक एक, भाकरी एक, रस्साही एकच. धाकटीनं दोन वेळचं जेवण धरलं. मधल्या वेळचा चहा-खारी आणि फरसाण आपोआप सुटलं, वजन उतरलं. ते बघून थोरलीनंही सकाळची न्याहारी बंद केली. अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. तिला मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो, आणि उपाशीपोटी रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. डॉक्टरांशी बोलून तिला आम्ही तीन ठरलेल्या वेळांचं बेताचं जेवण लावून दिलं. तिचंही वजन उतरतंय, सावकाश. म्हणून हात जोडून सांगते, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका, आणि गोळी तर मनानं मुळीच बंद करू नका.

गोळ्या नसल्या तरी माणसामाणसांत फरक पडतोच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2018 साली 609 जणांवरचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना कमी चरबीचा आहार दिला, काहींना कमी कर्बोदकांचा. सरासरी दोन्हीकडे पाच-सहा किलोच कमी झाले. पण दोन्ही गटांत कुणी वीस किलोंहून जास्त उतरलं, तर कुणाचं उलट वाढलं. कुणाला कुठला आहार लागू पडेल, हे त्यांनी तपासलेल्या जनुकांवरून सांगता आलं नाही. त्यामुळे जनुकं तपासून 'तुमचा डाएट' विकणाऱ्यांना पैसे देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21 टक्के, युडकिनांची 9! आपल्याकडची सडपातळ माणसंही आतून अशी असू शकतात. कंबर मोजा : पुरुषांची 90 सेंटीमीटरच्या आत, बायकांची 80च्या आत हवी.

तालीम सुटलेल्या पैलवानांची मला फार काळजी वाटते. जोर-बैठका थांबतात, थंडाई आणि तूप तेवढंच राहतं. त्यांना डाएटचं नाव सांगून उपयोग नसतो, आधी दुधाचा तांब्या लहान करावा लागतो.

माझ्याकडे येणार असाल तर तीन दिवस जे पोटात जाईल ते वेळेसकट लिहून आणा. चहा आणि त्यातली साखरही लिहा. गोळ्यांची चिठ्ठी विसरू नका.